हिमाखालचीं दहा मिनिटें

हिवाळ्यांत गुलमर्गास जाऊन स्कीइंग शिकण्याची हौस अलीकडे आपल्याकडील तरुण मंडळींतही दिसूं लागली आहे. आंखून दिलेल्या उतारावर शिकणें निराळें, आणि गोंडोल्यानें अफरवटावर चढून मोकळ्या हिमांतून उतरणें निराळें. १ फेब्रुवारी २०२३ रोजीं त्याच अफरवटावर हिमकडा कोसळून पोलंडचे २ प्रवासी दगावले. १९ परदेशी पाहुण्यांची सुटका झाली. ज्यांच्या घरचें कोणी तिकडे जाणार असेल, त्यांच्याकरितां हिमाखालून माणूस कसा काढतात, हें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

गाडला गेलेला मनुष्य थंडीनें मरतो, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः बहुतेकांचा जीव जातो तो गुदमरून. स्वित्झर्लंडांतील अनेक वर्षांच्या नोंदींवरून २०२४ सालीं जे आंकडे प्रसिद्ध झाले, त्यांप्रमाणें १० मिनिटांच्या आंत बाहेर काढलेल्या दहांपैकीं सुमारें नऊजण वांचतात. अर्धा तास उलटला कीं अवघे तीन. विमान कितीही त्वरेनें निघालें तरी तें दहा मिनिटांत क्वचितच पोंचणार. तेव्हां यम आणि तो मनुष्य यांच्यामध्यें उभे राहूं शकतात ते बरोबरचे सोबतीच.

त्यांच्यापाशीं तीन वस्तू लागतात: अंगावर बांधावयाचें बिनतारी यंत्र, घडीची लांब शोधकाठी व धातूचें फावडें. ४५७ किलोहर्ट्झवर चालणारें हें यंत्र चालतांना सर्वांचें संदेश पाठवीत असतें. अपघात होतांच वर राहिलेल्यांनीं आपापलें यंत्र शोधाकडे वळवावयाचें. येथेंच नवख्यांची फसगत होते. सरावाच्या वेळीं एखादी पिशवी यंत्रासह बर्फांत पुरून ठेवतात आणि घड्याळ लावतात. मंडळींपैकीं एकजण घाईंत आपलें यंत्र वळवावयास विसरतो, आणि बाकीचे मोठ्या उत्साहानें त्या धडधाकट मित्राच्याच पोटाशीं येऊन थांबतात! मैदानावर यांत हंसूं येतें. डोंगरावर तीं दोन मिनिटें कोणाच्या तरी आयुष्यांतून वजा होतात. खिशांतील मोबाइलनेंही यंत्र बहकतें. म्हणून शोधणाऱ्यानें तो दूर ठेवावा किंवा बंदच करावा.

यंत्रावरील बाण सरळ रेषेनें नेत नाहीं, वळसा घालून नेतो. अखेरच्या कांहीं पावलांवर यंत्र बर्फालगत धरून उभें-आडवें फिरवावें व सर्वांत लहान आंकडा जेथें येईल तेथून २५-२५ सेंटीमीटरांवर, गोलाकार वाढवीत, काठी खुपसावी. ती उतारास काटकोनांत जावयास हवी. माणसाला लागलेली काठी आणि दगडाला लागलेली काठी यांतला फरक पुस्तकांतून कळत नाहीं; तो तळहातालाच ओळखावा लागतो. आणि एकदां लागलेली काठी उपटावयाची नाहीं.

आतां खणणें. आमच्या मतें सर्वांत उपेक्षा होते ती याचीच, आणि सर्वांत अधिक वेळ जातो तोही यांतच. कोसळून थबकलेलें हिम पिंजलेल्या कापसासारखें राहत नाहीं. तें सिमेंटासारखें घट्ट बसतें. मीटरभर खालील माणसाकरितां टनभर बर्फ उपसावें लागतें. काठीपाशींच खड्डा खणूं गेल्यास आपणच त्याच्या डोक्यावर उभे राहतों. म्हणून उताराच्या खालच्या बाजूनें, थोडें अंतर सोडून, आडवें आंत शिरावें. चार-पांचजण एकामागें एक उभे राहून पुढच्यानें कापावें, मागच्यांनीं बर्फ खालीं लोटावें, आणि दर दोनचार मिनिटांनीं जागा बदलाव्या. पुढचा थकला तरी अभिमानानें फावडें सोडीत नाहीं, म्हणून बदलण्याचा हुकूम देणारा एक नेमावा. हेंही सरावांतच ठरतें. तोंड दिसतांच प्रथम नाकातोंडांतील हिम काढून श्वास पाहावा; हातपाय मागाहून मोकळे करावे.

हा सराव एक दिवसाचा असला तरी दर हिवाळ्याच्या आरंभीं जाणते लोक तो पुन्हां करतात. तीं तीन साधनें मुलानें घेतलीं कीं नाहीं, हें आई-वडील अवश्य विचारतील. त्याबरोबर आणखी एक विचारावें: त्याच्या सोबत्यांनीं हातमोजे घालून, घड्याळ लावून, पुरलेली पिशवी शेवटची केव्हां आणि किती मिनिटांत काढली होती?