अंगठे धरण्याची घाई

थंडीच्या दिवसांत सकाळी अंबाझरी तलावाकडे गेलात, तर नव्याने व्यायाम सुरू केलेली मुले हमखास दिसतात. आल्याआल्या ती कमरेत वाकतात आणि पायाचे अंगठे धरण्यासाठी झटके देऊ लागतात. एक-दोन, एक-दोन! बोटे अंगठ्याला लागली की लगेच पळायला सुरुवात. (आमच्या लहानपणी अंगठे धरणे ही शाळेतली शिक्षा होती, आता मुले ती आपण होऊन घेतात.) हा क्रम मला उलटा वाटतो, आणि त्याचे एक कारण पदार्थविज्ञानात आहे.

स्प्रिंगला वजन टांगले की ती वजनाच्या प्रमाणात लांबते, हा हूकचा नियम तुम्हांला ठाऊक आहे. स्नायू मात्र नुसती स्प्रिंग नव्हे. त्यात स्थितिस्थापकतेच्या जोडीला श्यानताही असते. मधात चमचा सावकाश फिरवा, सहज फिरतो. जोराने फिरवा, अडतो. स्नायूही झटक्याने ताणला तर जास्त विरोध करतो. हळूच ताणून तसाच धरून ठेवला, तर तो विरोध काही सेकंदांत उतरू लागतो.

शिवाय स्नायूंत राखणदार असतात. खुर्चीवर बसून एक पाय दुसऱ्यावर टाका आणि वरच्या गुडघ्याच्या वाटीखाली मित्राला तळहाताच्या कडेने हलकाच फटका मारायला सांगा. पाय आपोआप उडेल. फटक्याने मांडीचा स्नायू एकदम किंचित ताणला गेला, ती बातमी मज्जारज्जूपर्यंत पोचली, आणि मेंदूच्या हुकमाची वाट न पाहता स्नायू आखडला. म्हणजे झटके देणारा मुलगा ज्या स्नायूला लांब करू पाहतो, त्यालाच आखडायला लावतो!

कोणी स्नायूला रबराची उपमा देतात. तीही फसवी आहे. रबरी पट्ट्याला वजन टांगा आणि त्यावर कोमट पाणी ओता; रबर लांबण्याऐवजी किंचित आखूड होते. स्नायू ऊबदार झाला की उलट अधिक सहज ताणला जातो. म्हणून आधी पाच-दहा मिनिटे भरभर चालावे, हळू पळावे, हातपाय झुलवावेत. नागपूरच्या जानेवारीत तर हे हवेच.

'पण ताण दिला नाही तर दुखापत होईल ना?' ऑस्ट्रेलियात रॉडनी पोप व सहकाऱ्यांनी १५३८ नव्या सैनिकांवर केलेला प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. सर्वांनी अंग गरम केले. निम्म्यांनी त्याशिवाय पायांच्या स्नायूंना ताणही दिला. बारा आठवड्यांत दोन्ही गटांतील पायांच्या दुखापतींत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. एकच स्नायू मिनिटाहून अधिक ताणून लगेच उडी मारली, तर जोर थोडा कमीच पडतो, असेही पुढे दिसून आले.

मग ताण देऊच नये का? जरूर द्यावा, पण पळून झाल्यावर. रामनगरच्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळात कितीतरी नागपूरकर आसने शिकले. आसन सावकाश गाठायचे, स्थिर राहायचे, सावकाश सोडायचे. ती रीत वरच्या दोन्ही प्रयोगांशी जुळते. नवशिक्याने १५ ते ३० सेकंद थांबावे, दोन-तीनदा करावे. ओढ जाणवावी, कळ नव्हे.

पहिल्या काही आठवड्यांत हात खाली पोचू लागतो तो बहुतांशी स्नायू लांबल्यामुळे नव्हे, तर ती ओढ सोसायची सवय झाल्यामुळे. दर रविवारी बोटे आणि जमीन यांतले अंतर पट्टीने मोजून वहीत लिहा. पळण्याआधी एकदा, नंतर एकदा. दोन आकडे सारखे येणार नाहीत.