ओढेल हो!

‘ओढेल हो!’ हे दोन शब्द उच्चारायला अमेरिकेतल्या मोटारविक्यांना कायद्याने बंदी करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. मिशिगनमधल्या आमच्या भाच्याने सहकुटुंब हिंडण्यासाठी ट्रेलर (म्हणजे मोटारीमागे जोडायचं चाकांवरचं बिऱ्हाड) घ्यायचं ठरवलं आणि तो ओढायला मोटार शोधू लागला, तेव्हापासून फोनवर दुसरं काही ऐकू येत नाही.

जाहिरातीत आकडा ठळक : ‘९,००० पौंड ओढते.’ ओढतेही. पण हा आकडा काढताना मोटारीत ड्रायव्हर धरून माणसं दोनच, आणि तीही दीडशे-दीडशे पौंडांची धरायचा तिकडे रिवाज आहे. आमच्या घराण्यात दीडशे पौंडांचा पुरुष पाहायचा तर लग्नाचे अल्बम काढावे लागतील!

खरा आकडा असतो ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर, दार उघडल्याखेरीज दिसणार नाही अशा चिठ्ठीवर. माणसं आणि सामान मिळून मोटारीने अंगावर किती घ्यावं, तो आकडा. भाच्याने पसंत केलेल्या मोटारीवर होते १,४०० पौंड. आता मांडा हिशेब. भरलेला ट्रेलर ६,५०० पौंडांचा. त्यातला शेकडा दहा ते पंधरा भार जोडाच्या जागी मोटारीवर पडावाच लागतो. बारा धरला तर ७८०. उरले ६२०. जोडाचं लोखंड ८०. उरले ५४०. भाचा २०० (तो १९० म्हणतो), भाचेसूनबाई १५०, दोन पोरं मिळून १५०. उरले ४०. आणि नेमकी आमची ताई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी तिकडे गेलेली! चाळीस पौंडांत ताई बसत नाही. तिची पापड-लोणच्यांची पिशवी बसते.

यावर विकणाऱ्याचा तोडगा असा, की जड सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला टाका, पुढचा भार आपोआप कमी होईल. धन्य! बैलगाडी हाकलेल्या कुणालाही विचारा. भार मागे गेला की गाडी उलाळ होते. ट्रेलर त्याच्याही पुढे जातो. तो हमरस्त्यावर डुलायला लागतो आणि डुलता डुलता पुढच्या मोटारीलाच आडवी करतो. त्या मोटारीत मागच्या सीटवर पोरं बसलेली असतात हो!

शिवाय जो तो ओढण्याचं विचारतो, थांबवायचं कुणी? ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेत, ते चालवायचं यंत्र ड्रायव्हरच्या हाताशी हवं, पुढच्या-मागच्या चाकांत चांगलं अंतर हवं. आखूड मोटारीला ट्रेलर लवकर हिसडतो. यातलं चकार अक्षर त्या गृहस्थाने काढलं नाही. कॉफीचे पेले ठेवायच्या खाचा मात्र मोजून दाखवल्या.

आधी ट्रेलर ठरवा, भरल्यावरचं त्याचं वजन धरा, मग मोटार बघा. मोटार आली की ट्रकवाल्यांच्या थांब्यावर वजनकाटे असतात, तिथे माणसांसकट सगळं बिऱ्हाड चढवा. भाच्याला हे पटलं. त्याने ताईला सांगितलं. ती म्हणाली, “माझं वजन चारचौघांत कागदावर लिहून देणार असतील, तर मी आपली विमानाने येईन!”