बोर्ड बदलू नका, आधी चिप वाचा

मंडळी, या रविवारी जरा भांडायचा मूड आहे. भांडण एका वाक्याशी आहे: 'बोर्ड गेलाय, बदलावा लागेल.' टीव्ही, वॉशिंग मशीन, लॅपटॉप, शेतातल्या मोटारीचा ऑटो-स्टार्टर... वस्तू कुठलीही असो, सर्व्हिस सेंटरचं उत्तर ठरलेलं. पुण्या-मुंबईत आपण कार्ड घासतो आणि विसरतो. पण आमच्या धाराशिव जिल्ह्यात (हो, तेच, २०२३ पर्यंतचं उस्मानाबाद) हे वाक्य ऐकल्यावर माणूस सोयाबीनचा हिशोब मांडायला बसतो. नीती आयोगाने २०१८ साली 'आकांक्षित' म्हणून जे जिल्हे निवडले, त्यात महाराष्ट्रातले चार होते आणि त्यातला एक आमचा. तिथे पाच-सहा हजारांचा बोर्ड म्हणजे चेष्टा नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. यातले कितीतरी बोर्ड गेलेले नसतातच. त्यावरच्या आठ पायांच्या एका चिपमधला डेटा बिघडलेला असतो. तो परत लिहायचं मशीन काही हजारांत मिळतं, त्याला युनिव्हर्सल प्रोग्रॅमर म्हणतात. हे मशीन तालुक्याच्या मेकॅनिककडे असायला हवं, ते नीट चालवता यायला हवं, आणि त्यात घालायची फाइल कंपनीने द्यायला हवी. पहिल्या दोन गोष्टी मेकॅनिक मंडळी आपल्या हिमतीवर करतायत. तिसरी अडलीय ती आपल्या जातीच्या लोकांमुळे. म्हणजे सॉफ्टवेअरवाल्यांमुळे.

आता हे मशीन म्हणजे काय ते सांगतो, कारण आपल्यापैकी निम्म्यांनी कॉलेजात ८०८५ चं किट सोडून काही हाताळलेलं नाही. :)

पुसून पुन्हा लिहिता येणारी चिप, म्हणजे ईप्रॉम, इंटेलमध्ये डॉव्ह फ्रोहमन यांनी १९७१ साली आणली. वर काचेची खिडकी, पुसायची तर पंधरा-वीस मिनिटं अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली ठेवायची. लिहायला जास्त व्होल्टेज लागायचं: २७१६ ला २५ व्होल्ट, नंतरच्या चिपांना साडेबाराच्या आसपास. आजची फ्लॅश विजेनेच पुसली जाते आणि ३.३ किंवा १.८ व्होल्टवर चालते. प्रत्येक चिपची पायांची मांडणी वेगळी. 'युनिव्हर्सल' मशीनची करामत एवढीच, की कुठल्या पायाला किती व्होल्ट द्यायचे हे सॉफ्टवेअर ठरवतं. टीएल८६६, त्याचा पुढचा भाऊ टी४८, ही चिनी यंत्रं आज दुकानोदुकानी दिसतात. अगदीच बजेट नसेल तर काही शे रुपयांचं सीएच३४१ए. (पण त्याच्या काळ्या रंगाच्या स्वस्त बोर्डावर डेटाच्या पायांवर ५ व्होल्ट येतात, ३.३ वाल्या चिपला ते मानवत नाहीत. आधी मीटर लावून बघा.)

चालवायची रीत अशी. चिपवरचा नंबर भिंगाखाली वाचायचा आणि सॉफ्टवेअरमध्ये तंतोतंत तोच निवडायचा. २५क्यू६४ हे नाव ३.३ व्होल्टच्या चिपवरही असतं आणि १.८ च्या चिपवरही. फरक शेवटच्या अक्षरांत. तिथे घाई केली की चिप मेली. चिप सॉकेटात ठेवायची, एक नंबरचा पाय खुणेशी जुळवायचा, खटका दाबायचा. क्लिप लावून बोर्डावरच वाचायचा मोह होतो, पण मशीन देतं तो करंट बाकीचा बोर्डही खातो आणि वाचन गंडतं. त्यापेक्षा हॉट एअरने चिप काढलेली बरी. मग आयडी तपासायचा. मग वाचायचं. दोनदा वाचायचं, आणि दोन्हींचा चेकसम जुळला तरच पुढे जायचं. नुसते एफएफ-एफएफ दिसले तर चिप कोरी आहे किंवा पाय टेकलेला नाही. वाचलेली फाइल, म्हणजे डंप, जपून ठेवायची. यानंतर पुसणे, लिहिणे, पडताळणे.

यात काही ओळखीचं वाटलं का? आधी बॅकअप, मग बदल, मग व्हेरिफाय. आपण ज्याला 'प्रोसेस' म्हणून प्रेझेंटेशनं करतो, ते उमरग्याच्या दहा बाय दहाच्या दुकानात रोज चालतं. आपण त्याला 'जुगाड' म्हणतो.

आमच्या मामांचा उमरग्यातला टीव्ही लोगोवर अडकायचा. सर्व्हिस सेंटरने (नाव घेत नाही, सगळे सारखेच) बोर्ड बदलायला सांगितलं, वर बोर्ड यायला महिना लागेल म्हणाले. बसस्टँडजवळच्या एका पोराने चिप काढली, डंप घेतला. डेटा मधेच तुटलेला. त्याने कुठल्याशा ग्रुपवरून त्याच बोर्डाची फाइल मिळवून मारली. टीव्ही सुरू झाला, पण चित्र उलटं! फाइल दुसऱ्या पॅनेलची होती. दुसरी मारली, चित्र सुलटं झालं. सहाशे रुपये. मामा खूश. मी मात्र त्याला विचारलं, "दादा, बरोबर फाइल कंपनीकडे मागता येत नाही का?" तो हसला. "सर, कंपनी आपल्याला ओळखतच नाही."

माझा राग इथे आहे. त्याच्याकडे मशीन होतं, हात होता, डोकं होतं. नव्हती ती फक्त एक ८ एमबीची फाइल. ती फाइल एखाद्या एसी ऑफिसातल्या सर्व्हरवर पडून आहे आणि ती बाहेर द्यायला खर्च जवळपास शून्य आहे.

यावर दोन आक्षेप हमखास येतात.

पहिला, 'ही पायरसी आहे.' आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यातलं कलम ५२(१)(एए) म्हणतं की प्रोग्रॅमची प्रत ज्याच्याकडे कायदेशीररीत्या आहे, त्याने ती नष्ट होऊ नये म्हणून बॅकअप घेतला तर तो कॉपीराइटचा भंग नाही. म्हणजे आपल्याच टीव्हीचा डंप घेणारा मेकॅनिक चोर नव्हे. दुसऱ्याच्या टीव्हीची फाइल उतरवून घेणं यात बसतं का? त्यावर वकील खुशाल वाद घालोत. कंपनीने स्वतः फाइल दिली की तो वादच संपतो.

दुसरा आक्षेप वजनदार आहे: 'चोरांच्या हाती कोलीत द्याल.' खरंय, चिपमधून लुबाडणूक होते. २०१७ साली उत्तर प्रदेशात आणि पाठोपाठ ठाणे पोलिसांनी महाराष्ट्रात पेट्रोल पंपांवर छापे घातले, तेव्हा मापात मारण्यासाठी केलेली इलेक्ट्रॉनिक छेडछाड बाहेर आली होती. जुन्या गाड्यांचे किलोमीटरही असेच मागे फिरवतात. पण चोर मंडळी कंपनीने फाइल द्यायची वाट बघत बसली नव्हती! फाइल लपवल्याने अडतो तो प्रामाणिक माणूस. आणि उपाय आपल्याला माहीत आहे की. फर्मवेअरवर डिजिटल सही करा, बूटलोडरला ती तपासू द्या, आणि सही केलेली फाइल उघड ठेवा. मूळ फाइल कुणालाही परत बसवता येईल, बदललेली चालणार नाही. पेट्रोल पंप, वजनकाटे यांना सरकारी सील असतं, ते राहू दे. माझ्या मामांच्या टीव्हीला कशाला सील?

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'राइट टू रिपेअर'साठी २०२२ साली समिती नेमली आणि त्याच वर्षी पोर्टलही काढलं. शेतीची यंत्रं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि गाड्या असे चार विभाग त्यात धरले. चांगलंच झालं. पण मॅन्युअल आणि सुट्या भागांबरोबर मॉडेल आणि पॅनेलनिहाय फर्मवेअर मिळालं नाही, तर दुरुस्तीचा हक्क अर्धाच राहतो. सुटा भाग आजकाल लोखंडाचा कमी आणि बाइट्सचा जास्त असतो.

तर मित्रहो, तुमच्यातले काही जण याच वस्तूंचं फर्मवेअर लिहिता. पुढच्या रिलीजच्या मीटिंगमध्ये एवढंच विचारा: रिकव्हरी फाइल सपोर्ट पेजवर का टाकायची नाही? कारण लेखी मागा. बाकीच्यांनी, दिवाळीला कळंब, भूम, परंडा, तुळजापूर, जिथे जाल तिथल्या मेकॅनिकच्या दुकानात तासभर बसा. टीएल८६६ साठी मिनीप्रो आणि सीएच३४१ए साठी फ्लॅशरॉम ही मोफत, मुक्त सॉफ्टवेअरं आहेत, त्याच्या जुन्या लॅपटॉपवर टाकून द्या. इंग्रजी डेटाशीट एकत्र वाचा. डंपांना मॉडेल, बोर्ड आणि पॅनेल नंबरसकट नाव द्यायची सवय लावा. आणि गावात कुणी 'बोर्ड बदला' म्हणालं, तर त्याला विचारा: चिप वाचली का?

असो. चहा गार झाला. पुढच्या रविवारी भेटू.