वर्तुळ लंबगोल का झाले?

गेल्या वर्षी भोरमधील एका शाळेच्या विज्ञान मंडळात मी तिरक्या फेकलेल्या चेंडूची एक जुनी चित्रफीत दाखवली. चेंडू ४५ अंशांच्या कोनात फेकलेला होता. पडद्यावर कागद लावून सुरुवातीचा मार्ग आखायचा व कोन मोजायचा, असे काम मुलांना दिले. बहुतेकांनी ४५ लिहिले. वेल्ह्याकडून येणाऱ्या नववीतील एका मुलीने मात्र ३७ लिहिले. "तुझे मोजण्यात चुकले," असे मी सर्वांसमोर सांगून टाकले.

मधल्या सुट्टीत मुले त्याच पडद्यावर एक जुना व्हिडिओ गेम खेळत होती. एक जण म्हणाला, "सर, यातला चेंडू लंबगोल का दिसतो?" तेव्हा माझे डोळे उघडले.

विद्यार्थी मित्रांनो, थोडे गणित करू या. कॅसेट घालून टीव्हीवर खेळायचे ते खेळ ज्या पडद्यांसाठी तयार झाले, त्यांच्या रुंदी-उंचीचे गुणोत्तर ४:३ होते. आजच्या बहुतेक पडद्यांचे ते १६:९ असते. जुने चित्र नव्या पडद्यावर ताणून बसवले, की प्रत्येक रुंदी एक-तृतीयांशाने वाढते. उंची तेवढीच राहते. ३ सेंमी पुढे आणि ३ सेंमी वर जाणारा चेंडू आता ४ सेंमी पुढे आणि ३ सेंमी वर जातो. त्या त्रिकोणातील कोन मोजा. तो सुमारे ३७ अंश येतो! म्हणजे त्या मुलीने अचूक मोजले होते. इतरांनी मोजलेले नव्हे, अपेक्षित उत्तर लिहिले होते.

मग जुना खेळ दाखवायचा कसा? सरळ मार्ग असा की चित्र ४:३ च ठेवावे. १९२० × १०८० टिपक्यांच्या पडद्यावर त्याने १४४० टिपक्यांची रुंदी व्यापावी. दोन्ही बाजूंना २४० टिपक्यांच्या काळ्या पट्ट्या राहू द्याव्यात. पट्ट्या नकोत म्हणून चित्र मोठे केले, तर वरचा-खालचा मिळून पाव भाग कापला जातो.

आणखी एक मार्ग आहे. जुन्या यंत्राची नक्कल आजच्या संगणकावर करणाऱ्या आज्ञावलीला एम्युलेटर म्हणतात. १९९६ च्या 'सुपर मारिओ ६४' सारख्या त्रिमितीय खेळात प्रत्येक वस्तूचे स्थान आकड्यांत साठवलेले असते आणि चित्र दर क्षणी नव्याने गणले जाते. एम्युलेटर त्या गणितात रुंदीला ३/४ ने गुणतो. पुढे पडदा तीच रुंदी ४/३ ने ताणतो. गुणाकार १ येतो, म्हणून वर्तुळ वर्तुळच राहते आणि बाजूचे जास्तीचे दृश्यही दिसते. वेल्ह्यातील घराच्या खिडकीतून तोरणा पाहताना खिडकी रुंद करावी, तसेच हे. चित्र ताणणे म्हणजे मात्र गडच रुंद करणे.

पण १९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स' सारख्या सपाट खेळात ही युक्ती सहज चालत नाही. त्यात चित्राची रुंदी २५६ टिपके. शत्रू उजव्या कडेच्या जरासा पलीकडे निर्माण होतो. खिडकी रुंद केली, तर तो हवेतून उगवल्यासारखा दिसेल. त्रिमितीय खेळांतही कडेबाहेरच्या वस्तू न काढण्याची काटकसर केलेली असते, त्यामुळे बाजूच्या वस्तू मध्येच नाहीशा होतात. शिवाय खेळाडूला किती पुढचे दिसावे, यावर खेळाची अवघडता ठरवलेली असते. म्हणून रुंद केलेला खेळ जरूर खेळावा, पण तो मूळ खेळ नव्हे हे जाणून.

माझ्या मते, काळ्या पट्ट्यांची लाज वाटण्याचे कारण नाही. पडदा भरला नाही म्हणून काही बिघडत नाही. आकार बिघडला, की मोजमाप खोटे ठरते. शिक्षकांनी तास सुरू करण्यापूर्वी पडद्यावर एक वर्तुळ दाखवावे व पट्टीने त्याची रुंदी आणि उंची मोजावी. दोन्ही सारख्या आल्या तरच पुढे जावे.

पुढच्या आठवड्यात मी त्या मुलीची वर्गासमोर क्षमा मागितली. पडद्यावर दिसले तेच तिने लिहिले होते. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने याहून वेगळे काय करायचे असते?