कर्नल पोलिएचे ग्रंथधन

कंपनी सरकारच्या आरंभकाळात हिंदुस्थानात आलेले बहुतेक युरोपीय द्रव्य जमवून परतले. आंत्वान पोलिए हाही द्रव्यासाठीच आला होता. पण परतताना त्याच्या सामानात ग्रंथांच्या पेट्याही होत्या. १७४१ साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथे जन्मलेला हा स्थापत्य-अभियंता कंपनीच्या सैन्यात मेजर झाला. परकीय म्हणून पुढची बढती अडली, तेव्हा १७७३ मध्ये तो अवधचा नवाब शुजाउद्दौला याच्या पदरी फैजाबादला गेला.

नादिरशहा आणि अब्दाली यांच्या स्वाऱ्यांनी दिल्ली उद्ध्वस्त झाली होती. उमरावांची घराणी खालावली, त्यांचे ग्रंथसंग्रह बाजारात आले. पोलिएने अरबी-फारसी हस्तलिखिते विकत घेतली, नकला करवून घेतल्या, मेहरचंदसारख्या चित्रकाराकडून चित्रसंग्रह सिद्ध केले. हा केवळ छंद नव्हता. राज्यकारभाराची भाषा फारसी होती. ती वाचणाऱ्याच्या हाती देशाची नाडी येत असे.

त्याची जिज्ञासा तेवढ्यावर थांबली नाही. जयपूरचे महाराज प्रतापसिंह यांच्या अनुमतीने त्याने वेदांची नक्कल मिळवली आणि १७८९ मध्ये ती ब्रिटिश म्युझियमला दिली. बांधणी चामड्याची नसावी, रेशमाची किंवा मखमलीची असावी, ही अट त्याने आवर्जून कळवली. परधर्मीय सैनिकाने पाळलेली ही मर्यादा नोंद घेण्याजोगी आहे.

१७९५ मध्ये फ्रान्समधील अविन्यो शहराजवळ दरोडेखोरांनी त्याची हत्या केली. त्याचे ग्रंथ आज पॅरिस, लंडन, बर्लिन आणि केंब्रिज येथे विखुरलेले आहेत. त्याच्या फारसी पत्रांचा संग्रहही पॅरिसलाच आहे. अठराव्या शतकातील अवध जाणून घ्यायचे, तर भारतीय अभ्यासकाला तिकडची वाट धरावी लागते!

यावर पोलिएला लुटारू म्हणून मोकळे होणे सोपे आहे. त्याचे उपकार मानून गप्प बसणे त्याहून सोपे. परंतु त्याने पुष्कळसे ग्रंथ दाम मोजून घेतले आणि विकणारे आपलेच होते. ज्या समाजाला आपल्या ग्रंथांचे मोल कळत नाही, त्याचे ग्रंथ मोल जाणणाऱ्याच्या घरी जातात, हा खरा धडा आहे.

फारसी साधने परकी म्हणून दूर लोटणेही आत्मघाताचेच ठरेल. सेतुमाधवराव पगडी यांनी मोगल दरबाराची फारसी साधने मराठीत आणली, म्हणून शत्रूच्याच लेखणीतून मराठ्यांचा पराक्रम वाचता आला. शत्रूची भाषा जाणणे ही शरणागती नव्हे, सामर्थ्य आहे.

२००३ मध्ये राष्ट्रीय पांडुलिपी मिशन सुरू झाले. २०२५ च्या अर्थसंकल्पात एक कोटीहून अधिक हस्तलिखितांसाठी ‘ज्ञान भारतम्’ मोहीम घोषित झाली. दोन्ही पावले स्वागतार्ह आहेत. मात्र संगणकात साठवलेले पानही वाचणारा नसेल, तर मुकेच राहते. संस्कृत, मोडी, फारसी शिकणारे तरुण आपल्या घरांतून निघणार आहेत का? पोलिएच्या ग्रंथधनाने विचारलेला प्रश्न हाच आहे. त्याचे उत्तर कोणतेही सरकार देऊ शकणार नाही. ते घराघरांतूनच यावे लागेल.