मुख्यालय कुठे, हा प्रश्न कुणाचा?

गेल्या महिन्यात नागपूरहून यवतमाळला येताना एस.टी.त आमच्या पुढच्या बाकांवर वीज कंपनीतले चौघे बसले होते. एक कनिष्ठ अभियंता, दोघे मुंबईला लेखा शाखेत असलेले आणि सुटीवर गावी निघालेले, चौथे निवृत्तीला आलेले तंत्रज्ञ. वाद एकच चालला होता. कंपनीचे मुख्यालय मुंबईतच राहावे की नागपूरला आणावे? लेखा शाखेतल्या एकाची मुलगी यंदा बारावीला, दुसऱ्याच्या घराचे हप्ते अजून फिटायचे. ते म्हणत, मुंबईच बरी. अभियंत्याचे म्हणणे, कोळसा आमचा, धूर आमचा, राख आमची, मग खुर्ची तुमची का? तंत्रज्ञ दोघांनाही समजावत होते, की मंत्रालय मुंबईत, बँका मुंबईत, वीज दर ठरवणारा आयोगही तिथेच कफ परेडला. साहेब नागपूरला आले तरी आठवड्यातून चार दिवस विमानातच असतील. कळंब आले तरी वाद मिटला नव्हता.

चौघेही भली माणसे. बोलण्यावरून तिघे तरी शेतकऱ्याचीच पोरे वाटली. पण एवढ्या वेळात वीज वापरणाऱ्याचे नाव कुणी काढले नाही, आणि ज्याच्या वावराखालून कोळसा निघतो त्याचे तर नाहीच.

आधी अभियंत्याच्या बाजूने बोलू, कारण त्याचे म्हणणे खोटे नाही. १९६० साली स्थापन झालेल्या राज्य वीज मंडळाचे २००५ साली तुकडे पडले. निर्मिती, पारेषण, वितरण अशा तीन कंपन्या आणि त्यांच्यावर एक सूत्रधारी कंपनी. कंपन्या चार झाल्या, पण मुख्यालय एकाचेही मुंबईबाहेर गेले नाही. वीज मात्र इकडे तयार होते. चंद्रपूरचे केंद्र २,९२० मेगावॅटचे, खापरखेड्याचे १,३४० चे, पारसचे ५०० चे, आणि कोराडीला ६६०-६६० मेगावॅटचे तीन संच. ज्याच्या गावावर राख उडते त्याने वांद्र्याच्या 'प्रकाशगडा'कडे बोट दाखवले तर त्याला प्रांतवादी ठरवून गप्प करता येणार नाही. आम्हा कापूसवाल्यांना तर हे नवे नाहीच. भारतीय कापूस महामंडळाचे 'कपास भवन' नवी मुंबईत, सी.बी.डी. बेलापूरला आहे. तिथे कुणाच्या वावरात पऱ्हाटी उभी असते, हे ज्याला ठाऊक असेल त्याने आम्हालाही कळवावे.

तरीही मुख्यालय हलवण्याच्या मागणीमागे सगळी ताकद लावावी, असे आम्हाला वाटत नाही. कारण ऊर्जेच्या एका मोठ्या कंपनीचे मुख्यालय नागपुरात आहेच, आणि गेली पन्नास वर्षे आहे. १९७५ साली स्थापन झालेल्या वेस्टर्न कोलफिल्ड्सचा कारभार सिव्हिल लाईन्समधल्या कोल इस्टेटमधून चालतो. वणी, राजुरा, बल्लारपूर, उमरेड हा सारा तिच्या खाणींचा मुलूख, आणि वरची काळी जमीन कापसा-ज्वारीची. मुख्यालय जवळ असल्याने भागाचे भले होत असेल, तर ते पहिल्यांदा वणीच्या शेतकऱ्याला दिसायला हवे होते.

त्याच्या वाट्याला आला तो कायदा १९५७ चा. कोळसा असलेल्या जमिनी घेण्याचा हा कायदा दिल्लीने केला. कलम ४ ची अधिसूचना निघाली, की वावरात भोके पाडून कोळसा शोधायची मुभा. कलम ७ म्हणजे जमीन घेण्याचा इरादा. त्यावर हरकत घ्यायला शेतकऱ्याला मिळतात ३० दिवस. मग कलम ९ ची घोषणा होते आणि जमीन सरकारची. त्या ३० दिवसांत राजपत्र वाचायचे, सातबारा काढायचा, वकील गाठायचा, भावांच्या वाटण्या मिटवायच्या, आणि हंगाम असेल तर वेचणीही उरकायची. नोकरीचा हिशेब कोल इंडियाच्या २०१२ च्या धोरणात दोन एकरांमागे एक असा आहे. दीड एकरवाल्याने शेजाऱ्याच्या तुकड्याशी आपला तुकडा जोडून एकच नाव पाठवायचे. दोन घरांतून एक पोरगा कामाला लागतो, आणि दुसरे घर बघत बसते.

आता एस.टी.तला वाद आठवा. कचेरी हलवायची म्हटली की मुलीची बारावी मोजली जाते, घराचे हप्ते मोजले जातात, बायकोची नोकरी मोजली जाते. मोजलीच पाहिजेत, आमची त्याबद्दल तक्रार नाही. आमचे म्हणणे एवढेच, की गाव हलवायचे असेल तेव्हाही कुणाच्या तरी मुलीची बारावी असतेच. तिथे मात्र अधिसूचनेचा क्रमांक असतो आणि तारीख असते. टेबल-खुर्ची हलवताना वर्षानुवर्षे खल, आणि विहीर, गोठा, मसणवट हलवताना ३० दिवस! 'इंडिया' आणि 'भारत' यांतला फरक कुणाला अजून कळला नसेल, तर त्याने हे दोन हिशेब शेजारी मांडून पाहावेत.

हा प्रकार आपल्याच देशातला आहे असेही नाही. हॉलंडच्या उत्तरेला ग्रोनिंगेन नावाचा शेतीचा प्रांत आहे. तिथे १९५९ साली जमिनीखाली वायूचा प्रचंड साठा सापडला. तो काढणारी कंपनी शेल आणि एक्सॉन या दोघांच्या भागीदारीची, आणि तिचे मुख्य कार्यालय शेजारीच, आसेन गावात. वायू उपसता उपसता जमीन खचू लागली, धक्के बसू लागले. ऑगस्ट २०१२ मध्ये ३.६ तीव्रतेचा भूकंप झाला. शेतकऱ्यांच्या घरांना, गोठ्यांना तडे गेले. भरपाईसाठी लोक वर्षानुवर्षे कागद घेऊन फिरले. कचेरी इतकी जवळ असूनही ग्रोनिंगेनच्या लोकांचे हित सातत्याने डावलले गेले, असे त्यांच्या संसदेच्या चौकशी समितीने २०२३ साली लिहून ठेवले. मधल्या काळात, २०२१ च्या नोव्हेंबरात, खुद्द शेलने आपले मुख्यालय हेगहून लंडनला नेण्याचे जाहीर केले. त्या निर्णयात भागांची रचना होती, कर होते. तडे गेलेल्या भिंतीला हेग काय आणि लंडन काय!

म्हणून आमचा प्रश्न वेगळा आहे. सही कुठे होते? महावितरणने नागपूरला प्रादेशिक संचालक बसवलेला आहे. छान झाले. पण नवी डी.पी. मंजूर करायची, तारा बदलायच्या, लाईनमनची रिकामी जागा भरायची, तर त्यातले किती तिथे ठरते आणि किती पुढे मुंबईला जाते, हे कधी कुणी आम्हाला कागदावर दाखवले आहे काय? थ्री फेज आठ तास द्यायची आणि ती पाळीने कधी दिवसा, कधी रात्री द्यायची, हे ठरवताना रात्री बांधावर विंचू-काट्यात उभ्या राहणाऱ्याला कुणी विचारले काय? विद्युत लोकपालाचे कार्यालय मुंबईबरोबर नागपूरलाही आहे, आणि त्याचा उपयोग होतो. का होतो? तो नागपुरात बसतो म्हणून थोडा, आणि त्याला निकाल देण्याचा अधिकार आहे म्हणून जास्त. हिवाळी अधिवेशनही दरसाल नागपूरला येतेच की. १९५३ च्या नागपूर कराराने येते आणि हुरडा संपायच्या आत परत जाते.

कोरडवाहू माणसाला या विजेच्या भानगडीशी काय देणेघेणे, असेही काही जण विचारतील. आमच्यातल्या कित्येकांकडे कृषिपंप नाही, हे खरे. पण गावातली चक्की विजेवर चालते, नळयोजनेची मोटर विजेवर चालते, आणि ज्याच्याकडे विहीर आहे त्याची पऱ्हाटी दिवाळीनंतरच्या एका पाण्यावर तरते. ते पाणी आठ दिवस उशिरा मिळाले तर बोंडाचे वजन जाते. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांचे बिल सरकार भरते. आम्ही फुकट मागितले नव्हते, पूर्ण दाबाची वीज आणि मालाला भाव मागितला होता. पण बिल कोणीही भरो, डी.पी. जळली तर ती ग्रामीण भागात ४८ तासांत बदलून मिळाली पाहिजे, असा आयोगाचा नियम आहे, आणि ठरलेल्या मुदतीत सेवा न मिळाल्यास भरपाई देण्याची तरतूद २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ५७ मध्ये आहे.

तेव्हा जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावच्या शाखेने एक वही आणावी. गेल्या दोन वर्षांत गावातली डी.पी. कोणत्या तारखेला जळली, तक्रार कोणत्या तारखेला दिली, तिचा क्रमांक काय मिळाला, डी.पी. कोणत्या तारखेला बसली, आणि वाहतुकीचे पैसे गावाने वर्गणी काढून भरले असतील तर किती, हे त्यात लिहून आणावे. खाणपट्ट्यातल्या गावांनी कलम ४ आणि कलम ७ च्या अधिसूचनांच्या प्रती आणाव्यात. तालुक्याच्या कचेरीतल्या लाईनमन मंडळींनाही बैठकीला बोलवा. एका माणसाकडे किती गावे आहेत, ते त्यांच्याच तोंडून ऐकू. वह्या तालुकावार एकत्र करून ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचापुढे एकाच दिवशी दाखल करायच्या आहेत.