फुकटच्या व्याख्यानाला खोली कोण देणार?

चांदूर रेल्वेत वेल्डिंगचे दुकान चालवणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांची मुलगी यंदा अकरावी सायन्सला आहे. अमरावतीच्या शिकवणी वर्गाने सांगितलेला फीचा आकडा त्यांनी कागदावर लिहून आणला आणि आमच्यापुढे ठेवला. म्हणाले, ‘‘भाई, मोबाईलवर मोठमोठे प्रोफेसर फुकट शिकवतात म्हणतात, मंग हे पैसे कायले भरू?’’

प्रश्न व्यापाऱ्याचा आहे, म्हणून या पानावर घेत आहोत.

माल खरा आहे, हे आधी कबूल केले पाहिजे. आयआयटी आणि बंगळूरच्या आयआयएस्सी या संस्थांनी २००३ पासून एनपीटेल नावाने आपल्या प्राध्यापकांची व्याख्याने चित्रित करून सर्वांना खुली केली. ९ जुलै २०१७ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ‘स्वयम्’ सुरू झाले. त्यावर एनसीईआरटी आणि एनआयओएस यांचे शालेय अभ्यासक्रमही आहेत. भौतिक, रसायन, जीवशास्त्र, गणित, आणि आपल्या कामाचे म्हणजे लेखाशास्त्रसुद्धा. ऐकायला पैसा लागत नाही. ‘स्वयम् प्रभा’च्या दूरचित्रवाणी वाहिन्यांची योजना तर अशी आखली की रोज निदान चार तासांचा नवा कार्यक्रम व्हावा आणि तोच दिवसभरात आणखी पाच वेळा दाखवला जावा. दुकान सांभाळून शिकणाऱ्याला यापेक्षा सोयीचे काय हवे?

पण माल चांगला असून पेठेत उठत नाही, असे आपण पुष्कळदा पाहतो. ही कल्पनाही नवी नाही. १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोग दूरदर्शनवर दुपारी ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ दाखवत असे. कार्यक्रम उत्तम, भाषा इंग्रजी आणि वेळ भर धंद्याची. आपल्यापैकी किती घरांत तो पाहिला गेला?

परदेशातला हिशेब याहून बोलका आहे. हार्वर्ड आणि एमआयटी या अमेरिकेतल्या नामांकित विद्यापीठांनी एडएक्स नावाने असेच अभ्यासक्रम काढले. त्यांची आकडेवारी २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आली. २०१७-१८ साली नाव नोंदवणाऱ्या शंभरांपैकी जेमतेम तिघांनी अभ्यासक्रम पुरा केला. ज्यांनी प्रमाणपत्रासाठी पैसे भरले होते, त्यांच्यात मात्र हे प्रमाण शेकडा ४६ होते. पैसे भरणारा मुळातच जिद्दीचा असतो, हे खरे. तरी गल्ल्यातून पैसा गेला की माणूस मालाची चौकशी करतो, हे आम्ही व्यापाऱ्यांना काय सांगावे!

आता आपल्या मोहल्ल्यात या. घरात चांगला फोन बहुधा एकच, आणि तो सकाळी वडिलांबरोबर दुकानात जातो. मुलीच्या हाती येतो रात्री दहाला. तोवर दिवसाचा डेटा संपत आलेला. तासाभराच्या व्याख्यानाला साध्या प्रतीतही तीनशे एमबीच्या आसपास लागतात. दोन खोल्यांच्या घरात पाहुणे, लहान भावंडे, शिलाईचे मशीन. मुलाला निदान मित्राकडे जाऊन बसता येते, मुलीला तेही नाही. मग महिन्याभरात आपण म्हणतो, पोरीला सायन्स झेपत नाही.

भाषेची अडचण तर कोणी बोलतच नाही. उर्दू शाळेतून दहावी झालेल्या मुलीने जो धडा ‘जियाई तालीफ’ म्हणून पाठ केला, तोच मराठी शाळेतल्या मैत्रिणीने ‘प्रकाशसंश्लेषण’ म्हणून. व्हिडिओतले प्राध्यापक म्हणतात ‘फोटोसिंथेसिस’. मुलीला विषय येत असतो, पण ओळख पटत नाही. शेजारी बसून ‘‘अगं, हे तेच’’ एवढे सांगणारे कोणी असले तर अर्धे ओझे उतरते. ते काम पडदा करत नाही.

पुण्याच्या आयुकात दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी शास्त्रज्ञांची व्याख्याने होत आली आहेत. तिथे मूल सभागृहात बसते, शेजारी दुसरी मुले असतात, हात वर करून प्रश्न विचारता येतो. इंग्लंडात मॅसोलिट नावाची संस्था विद्यापीठातल्या प्राध्यापकांची व्याख्याने दहा-पंधरा मिनिटांचे तुकडे पाडून देते. वर्गणी शाळा भरतात आणि शिक्षक ती वर्गात वापरतात. दोन्हीकडे व्याख्यानाभोवती माणसे आहेत. आपण मात्र व्याख्यान फुकट मिळाले म्हणून माणसांचाही खर्च वाचला असे धरून चाललो.

म्हणून स्नेह्यांना आम्ही म्हटले, फुकटात काम भागणार नाही, पण शिकवणीइतका खर्चही नको. दहा दुकानदारांनी मिळून एक खोली घ्यावी. कुणाच्या गोदामाचा वरचा माळा असला तरी चालेल, फक्त जिना उजेडातला असावा आणि मुलींच्या आयांना तिथवर येता यावे. एक मोठा टीव्ही, एक कनेक्शन, एक फळा. मोहल्ल्यात बीएस्सी होऊन घरी बसलेली एखादी मुलगी असतेच. तिला ठरलेला पगार द्यावा, ‘सेवा’ म्हणून राबवू नये. वीस मिनिटे व्याख्यान लावायचे, थांबवायचे, मुलांकडून उदाहरणे सोडवून घ्यायची. ज्या अभ्यासक्रमाला परीक्षा आहे तिची फी मंडळाने भरावी.

एक सावधगिरी सांगून ठेवतो. एनसीईआरटीचे पुस्तक आणि आपल्या राज्य मंडळाचे पुस्तक पानाला पान जुळत नाही. भौतिक-रसायनात फारसे अडत नाही. कॉमर्सवाल्यांनी मात्र बुककीपिंगचे धडे आधी ताडून घ्यावेत, नाहीतर ऐन परीक्षेत गोंधळ व्हायचा.

स्नेही ऐकून घेत होते, पण मन बसले नव्हते. तेव्हा आम्ही एनपीटेलवरचे वेल्डिंगचे एक व्याख्यान लावून दिले. बिडाचा तुकडा जोडल्यावर भरभर थंड झाला की का तडकतो, हा प्रश्न त्यांच्या हाताला तीस वर्षे ठाऊक. कारण इंग्रजीतून सांगितले जात होते. मुलगी शेजारी उभी राहून एकेक वाक्य आपल्या बोलीत सांगू लागली. दोनदा तिला त्यांनीच थांबवून दुरुस्त केले. व्याख्यान संपायच्या आत दुकानात गिऱ्हाईक आले म्हणून ते उठले, आणि जाता जाता विचारले, बाजार ओळीतल्या त्या माळ्याचे भाडे काय म्हणतात.